पहिलं बोट वहिनींचं

मधुवंतीच्या कंडोचा, त्या आलिशान फ्लॅटचा, आपल्याला कधी हेवा वाटला नाही, असं सुनेत्रा स्वतःला सांगत आली होती. धाकट्या जावेचं घर बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीत, स्विमिंग पूलसकट. आपला फ्लॅट शहराच्या पार टोकाला, पासिर रिसला, खिडकीतून समोरच्यांचं वाळत घातलेलं धुणं. असेना का. आठवडाभर अकाउंट्समध्ये मान मोडून काम केलं, तरी रविवारी हातात ब्रश घेतला की ती कुणाची मिंधी नसायची. आणि मधुवंतीच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या वर, तिनेच रंगवलेलं समुद्राचं चित्र होतं. आल्यागेल्याची नजर आधी त्यावर पडायची. तेवढ्यावर तिचं भागायचं.

दसऱ्याला ती पोचली तेव्हा ती भिंत रिकामी होती.

धाकटे दीर निशिकांतभाऊजी मोठ्या हौसेने सांगत होते. युरोपातल्या एका चित्रकाराचं रंगीत लिथोग्राफ आणलंय, महायुद्धानंतर तो आणि त्याच्या सोबतच्या चित्रकारांनी चित्रकलेचे सगळे नियम धाब्यावर बसवले होते, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड घेऊन ते छापलंय, खाली पेन्सिलीने त्याची सही आहे. फ्रेम अजून व्हायची होती. डायनिंग टेबलावर ते उघडंच पसरलं होतं: लाल-पिवळं कसलंसं जनावर, डोळे बशीएवढे, पाय कुठे आणि शेपूट कुठे ते कळेना. म्हणजे छापीलच की, सुनेत्रा मनात म्हणाली. याच्या आणखी प्रती असणार. माझा समुद्र एकच होता. तो कुठे गेला हे तिने विचारलं नाही. हात धुवायला जाताना पाहुण्यांच्या खोलीत डोकावली, तर इस्त्रीच्या टेबलामागे टांगलेला दिसला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

पूजेला लॅपटॉप, गाडीची किल्ली, पुतणी अदितीचं व्हायोलिन असं सगळं मांडलं होतं. दसऱ्याला नव्या वस्तूला हळदकुंकू लागायलाच हवं. कुंकू पाण्यात कालवलेलं होतं. मधुवंतीने चित्राशेजारी एक सुपारी ठेवली, कुंकवाचं बोट चित्राऐवजी तिला लागावं म्हणून. "वहिनी, तुम्ही मोठ्या. पहिलं बोट तुमचं," ती म्हणाली. सुपारी सुनेत्राला चांगली दिसली होती. तिने बोट बुडवलं आणि चित्राच्याच कागदावर, सहीशेजारच्या पांढऱ्या जागेत, नीट दाबलं. पूजा करणाऱ्या थोरल्या जावेला कोण काय बोलणार?

निशिकांतभाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला. मधुवंती म्हणाली, "असू दे. आता ते घरचं झालं." चुकून लागलं, असं सुनेत्राने सांगितलं. परतीच्या एमआरटी मेट्रोत तिला, खरं सांगायचं तर, फार बरं वाटत होतं.

दिवाळीच्या फराळाला ती पुन्हा गेली. भिंतीवर काचेआड ते जनावर, कोपऱ्यात तो लाल ठिपका, आणि पुढे पाहुण्यांचा घोळका. परदेशी चित्राची आमच्याकडे पूजा कशी झाली, हे मधुवंती अगदी रंगवून सांगत होती. लोक ठिपक्याचे फोटो काढत होते. सुनेत्रालाही चित्राशेजारी उभं करून ते बोट दाखवायला लावलं. तिने दाखवलं.

संजीवनी नावाच्या शेजारणीने विचारलं, "तुम्हीही चित्रं काढता?"

सुनेत्रा तोंड उघडणार, तोच मधुवंती म्हणाली, "वहिनी? छान काढतात की. आतल्या खोलीत आहे एक."

सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या, आणि पुन्हा त्या ठिपक्याकडे बघू लागले. आत कुणी गेलं नाही.