ऊन येईपर्यंत थांबू

कोलोरॅडोत मे महिन्यातही डोंगर बर्फाखाली असतात, हे आम्हाला तिथलं दुसरं वर्ष संपताना कळलं. आम्ही तिघं एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो, तिघंही पीएचडीत अडकलेले. सेमिस्टर संपली तेव्हा उंचावरच्या एका तळ्यापर्यंत जायचं ठरलं. पुण्यात मी ट्रेक नेत असे, म्हणून लीडर मी. बर्फाची चौकशी करायचं कामही माझ्याकडेच आलं.

रेंजरच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या बाई शांतपणे, जरा कंटाळून बोलत होत्या. दिवसभर हेच सांगत असाव्यात. वरच्या झाडीत अजून पुष्कळ बर्फ आहे. रात्री तो गोठून कडक होतो, त्यावरून चालता येतं. उन्हाने मऊ झाला की पाय आत जातात, कधी कधी कमरेपर्यंत. तेव्हा अंधारातच निघा आणि ऊन तापायच्या आत खाली या.

फोन ठेवून खोलीबाहेर आलो आणि दोघांना सांगितलं की बर्फ आहे, पण चालता येतं म्हणाली. बाकीचं गाळलं.

सह्याद्रीत कातळ ओला असला की आम्ही थांबायचो. ऊन येऊ दे, दगड वाळू दे, मग चढू. नवख्यांना मी हेच शिकवत आलो होतो आणि त्या आठवड्यात या दोघांनाही तेच शिकवलं होतं. आता फोनवरच्या एका बाईचं ऐकून ते मागे घ्यायचं माझ्या जिवावर आलं. घोटाळा समजुतीचा झाला असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. बाईंचं बोलणं मला नीट कळलं होतं.

आम्ही उपमा खाऊन, चांगलं ऊन आल्यावर निघालो. चढताना घोट्यापर्यंतच पाय जात होते, त्याची मजा वाटली. तळं दिसलं, फोटो काढले. उतरताना मात्र बर्फ भिजलेल्या साखरेसारखा झाला होता. आमच्यातला नागपूरकर अंगाने थोराड. एका मोठ्या दगडाजवळ त्याचा पाय मांडीपर्यंत आत गेला, खाली कुठेतरी अडकला, आणि तो पुढे पडला. गुडघा फिरला. त्याला आम्ही दोघांनी धरून खाली आणेस्तोवर संध्याकाळ झाली.

ऑपरेशन झालं, पण पाय कायमचा अधू राहिला. हॉस्पिटलात तिसरा म्हणाला, "अमेरिकेने हिवाळाभर जमवलेला बर्फ या जाड्याने एका पावलात फोडला यार." सगळे हसले. नागपूरकर सगळ्यांत जास्त हसला. मीही हसलो.

तो विनोद पुढे त्याच्या लग्नात झाला, मुलीच्या बारशाला झाला. मुलगी मोठी झाल्यावर तोच तिला सांगायचा की बाबा फार खायचा, म्हणून पडला. तो आणि त्याची बायको एकदा पार्सिपनीला आमच्याकडे आले होते. तिने त्याच्या ताटातली दुसरी पुरणपोळी उचलून माझ्या ताटात वाढली आणि म्हणाली, "तुम्ही पाहिलंय ना भाऊजी, काय झालं ते?" मी ती पोळी खाल्ली.

गेल्या वर्षी त्याचा प्लेनोच्या घरून फोन आला. गुडघा बदलायचा ठरला होता. सर्जनने कारण विचारल्यावर त्याने स्वतःचं वजन सांगितलं होतं, आणि हे सांगताना तो हसत होता. तेव्हा मी त्याला बाईंचं सगळं बोलणं सांगितलं, आणि ते मी मुद्दाम गाळलं होतं हेही.

तो शिव्या देईल असं वाटलं, त्या मला चालल्या असत्या.

"अंधारात निघा म्हणाली होती?"

"हो."

"मी उठलो असतो रे," तो म्हणाला. मग बायकोला हाक मारली, आणि फोन स्पीकरवर टाकून मला म्हणाला, "आता हिला सांग."