म्हाळूच्या वाटणीच्या गोळ्या

पिकं निघाली की म्हाळू धनगर दरवर्षी सिरसाळ्याला आमच्या रानात मेंढ्या बसवायला यायचा. नुसत्या खोकण्यावरून मेंढीचा आजार ओळखायचा, आणि सांगताना हुबेहूब तसाच खोकून दाखवायचा. त्याची नातवंडं हसून लोळायची. गावातले म्हातारे त्याच्यापुढं मुद्दाम खोकायचे, मी पण. तो गंभीरपणे म्हणायचा, "आबा, तुमी अजून दोन हंगाम चराल."

एका साली तो असाच खोकून दाखवायला लागला आणि थांबेचना.

मीच त्याला बीडला दवाखान्यात नेलं. टीबी निघाला. डॉक्टर परमुलखातले, गोळ्या देऊन भराभरा हिंदीत सांगत होते. म्हाळू मान डोलवत होता. निघताना त्यानं एकच विचारलं, "सायेब, माझ्या बिऱ्हाडातल्या बाकीच्यांचं काय?" डॉक्टरांना मराठी उमगेना. दाराशी उभा शिपाई हसला. "त्यांला काय झालंय बे? तुझं तू बघ."

पुढच्या साली म्हाळू काठी टेकत आला. मेंढ्यांमागं त्याची बायको भामाबाई होती. पुन्हा बीड गाठलं. डॉक्टर खवळले, औषध मधेच सोडलंस म्हणाले. म्हाळू सोडलं न्हाई, सोडलं न्हाई म्हणत राहिला. शेवटी स्वप्ना नावाची नर्स त्याच्याजवळ स्टूल ओढून बसली.

"मामा, कळपात मेंढी खोकली तर तुमी काय करता?"

"समद्या कळपाला औषध पाजतो. एकटीला पाजून काय उपेग? बाकीच्या धरतातच की."

"मग ह्या गोळ्या?"

"वाटल्या. भामाला, सुनंला, नातवंडांला. उरंल ती मला."

डॉक्टरांना तिनं हिंदीत सांगितलं. त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. मग अख्ख्या बिऱ्हाडाची तपासणी झाली. नातवंडं, सून निरोगी निघाली, भामाबाईला मात्र टीबी होता. म्हणजे म्हाळूनं विचारलं ते बरोबरच होतं. त्याच्या हाती औषध तेवढं एकट्याचं दिलेलं. अर्धवट घेतल्यानं आता त्याला जुन्या गोळ्या लागू पडेनात. नव्या चालू केल्या, पण फुप्फुसं संपली होती. संक्रांतीच्या आधी तो गेला. त्या दारातला शिपाई अजूनही सांगतो, पेशंटच निष्काळजी होता.

यंदा मेंढ्या घेऊन भामाबाई आली. गोळी घ्यायची वेळ झाली की नातवंडांकडं पाठ करून बसते. मी विचारलं, कावून?

"त्यांच्या देखत एकटीनं गिळायची म्हंजी चोरून खाल्ल्यागत वाटतंय, आबा."