प्रशांतचा साचा

स्मिताचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये होतो. "प्रशांत गेला," एवढंच ती म्हणाली. मला नवरा गमावलेली स्मिता आठवायला हवी होती, पण आठवलं ते प्रशांतचं सोलापूरचं तिकीट... पुढच्याच आठवड्याचं.

जर्मनीत, नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात आम्ही दोघं शेजारीशेजारी बसायचो. वेल्डिंग होताना गाडीचा पत्रा तसूभरही हलू नये म्हणून त्याला घट्ट धरणारी फिक्स्चर्स बनवणं, हे आमचं काम. प्रशांत त्यातला वाघ. गेल्या वर्षी त्याच्या छातीच्या हाडामागे, थायमस ग्रंथीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण कडेला काही राहिलं असेल म्हणून डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं. सोमवार ते शुक्रवार, खाडा चालणार नाही. त्याच्या अंगाच्या मापाचा फोमचा साचा केला. हात डोक्यावर घेऊन त्यात पडायचं आणि हलायचं नाही. "इतकी वर्षं पत्रे आवळले, आता पत्रे सूड घेतायत," असं हसत म्हणायचा. त्याची गाडीतून ने-आण मीच करायचो. परतताना एकदा म्हणाला, "गुदमरतं रे... बाहेर आल्यावर जास्त."

बाहेर आईचा प्रश्न होता; मी त्यांना काकू म्हणतो. सोलापूरला एकट्या राहणाऱ्या काकूंना त्यानं आजाराचा पत्ता लागू दिला नव्हता. म्हाताऱ्या जिवाला घोर नको, ही आपल्याकडची जुनी खोड. नेमकं तेव्हाच काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांनी याला बोलावलं. याला साचा सोडता येईना, खरं सांगवेना. "ऑफिसात फार काम आहे गं." काकू चिडल्या, "राहा तिथंच," म्हणाल्या आणि त्याचे फोन घेणंच बंद केलं. मी म्हटलं, "सांगून टाक ना." तर म्हणे, "हे बघ, हे संपू दे. समोर बसून सांगतो. फोनवर ऐकून ती तिथं एकटी काय करेल?" रेडिएशन संपलं, तिकीट निघालं आणि न्युमोनियानं गाठलं. मला अजून प्रशांतचा राग येतो.

आता काकू इथं आल्या आहेत. त्यांना फक्त न्युमोनियाच माहीत होता. रविवारी मी आणि स्मिता केलर, म्हणजे घराखालचं तळघर, आवरत असताना तो साचा निघाला. प्रशांतनं तो हौसेनं घरी आणला होता, स्मिताला टाकवत नव्हता. "हे काय रे?" काकूंनी विचारलं. स्मितानं माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं.

काकू तिथंच फरशीवर बसल्या. डोक्याच्या जागी खळगी होती, तिच्यात त्यांनी तळवा ठेवला.

"हलायचं नाही म्हणाले होते ना त्याला?"

"हो, काकू."

"म्हणून आला नाही होय..."

वर जेवण निवत होतं. त्यांनी हात काढला नाही.