आणणाऱ्याची आंघोळ आधी

आमच्या मोशीच्या घरात गीझर आहे, त्यामुळे गरम पाण्यासाठी डोंगर चढून जायचं हे मला मुळीच पटलं नव्हतं. शिवाय माझा सगळा जन्म भट्टीसमोर गेला आहे. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लोखंडी भाग तापवून, तेलात बुडवून कडक करण्याचं काम चालतं, तिथे मी सुपरवायझर आहे. उष्णता म्हणजे काय हे मला कुणी देवाच्या नावाने सांगावं, अशी माझी तयारी नव्हती. देव मी मानत होतो, पण तो देव्हाऱ्यात, दिवाबत्तीपुरता. त्याच्याकडून काही काम होईल ही अपेक्षा मी कधी ठेवली नव्हती. कामं माणसानं करायची असतात आणि ती मी करत होतो.

माझ्या पत्नीला, मंगलला, पॅरॅलिसिसचा झटका आला तेव्हा मी घरीच होतो. तिला लगेच दवाखान्यात नेलं, वेळेत उपचार झाले. डॉक्टर म्हणाले, तुम्ही उशीर केला नाहीत म्हणून एवढ्यावर निभावलं. ती चालू लागली. बोलणं अडखळत का होईना, पण आलं. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. यात कुणाची चूक नव्हती, हे मला चांगलं कळत होतं, तरी मनाची टोचणी जात नव्हती. इतकी वर्षं मी शिफ्ट आणि ओव्हरटाइम करत राहिलो, घर, मुलीचं शिक्षण, तिचं लग्न, आलंगेलं सगळं मंगलने एकटीने ओढलं, आणि झटका मात्र तिला आला. मला का नाही? रोज पहाटे जाग आली की हाच प्रश्न छातीवर बसलेला असायचा.

त्याचं प्रायश्चित्त म्हणून मी तिची सेवा सुरू केली. शिफ्ट बदलून घेतली. तिला घास भरवायचा, वेणी घालायची, आंघोळ घालायची, साडीच्या निऱ्यासुद्धा मीच करून द्यायचो. पाण्याच्या पेल्याकडे तिची नजर गेली की पेला तिच्या ओठाला लागलेला असायचा. सोसायटीतले लोक म्हणायचे, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. मला ते ऐकून बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा अपराधी वाटायचं. मंगल मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. व्यायाम सांगितले होते, ते ती करेनाशी झाली. हाताकडे पाहायचीही नाही. हात गेला त्यापेक्षा ही माझ्यासमोर बसल्या बसल्या कुठेतरी निघून चालली आहे, याची मला जास्त भीती वाटू लागली.

एका संध्याकाळी ती एकदम म्हणाली, "ऊन पाण्याला जाऊ." घाटमाथ्यावर एक गाव आहे, तिथे डोंगरातून ऊन पाण्याचे झरे वाहतात आणि झऱ्यावर उन्हाई देवीचं ठाणं आहे, असं तिला शेजारच्या एका बाईने सांगितलं होतं. मी म्हणालो, "अगं, तुला पाहिजे तेवढं गरम पाणी इथे देतो की." तिने मान फिरवली. झटका आल्यापासून तिने स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मी रजा टाकली.

त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या एका माणसाने तशी तंबीच दिली आहे, "नाव छापलंत तर शनिवार-रविवार मोटारींची रांग लागंल, अन आमच्या म्हशींला ऊन पाण्यात जागा उरायची न्हाई." त्या माणसाचं नाव बाळू आणि तो आम्हाला कसा भेटला, ते मात्र सांगायला हवं. एसटीने आम्हाला घाटातल्या फाट्यावर उतरवलं. तिथून वर जाणारी जीप निघून गेली होती, कारण मधल्या गावात मी मंगलला पोटभर जेवल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नव्हतं. फाट्यावर पत्र्याची शेड, समोर दरी आणि फोनला रेंज नाही. मागे परतणारी गाडीही आता सकाळीच मिळणार होती. थंडीचे दिवस होते, वारा अंगात शिरत होता. माझी शाल तिच्यावर घालून मी उभा होतो आणि मनात स्वतःला शिव्या घालत होतो. आयुष्यात बहुधा पहिल्यांदा मी देवीला मोठ्याने म्हणालो, "आई, आता मला काही सुचत नाही. तूच बघ." मंगलने चमकून माझ्याकडे पाहिलं.

थोड्या वेळाने खालून एक टेम्पो आला. चालवणारा माझ्याच वयाचा, डोक्याला मफलर, मागे दुधाचे रिकामे कॅन खडखडत होते. तो म्हणाला, "दादा, वर का? बसा की. मी मघाशीच गेलो आसतो, पण एक कॅन डेरीवर ऱ्हायला, निम्म्या घाटातनं मागारी फिरलो. बायकू म्हनती डोकं पन कॅनात ठिवून येत जा." मंगल हसली. खूप दिवसांनी. बाळूने तिला पुढे बसवलं. मी तिला धरून चढवायला गेलो तर म्हणाला, "वहिनी चढत्यात की वो. तुमी मागनं या, कॅन धरा, त्ये पडत्यात." रस्ताभर तो बोलत होता. त्याचा मुलगा महाळुंग्याला कंपनीत आहे. "घरी आला की म्हनतो, बाबा, हितं लई गार हाय. आन तिकडं म्हनतो लई गरम हाय. म्या म्हनलं, मदी घाटातच ऱ्हा मग." तो विसरलेला कॅन आमच्यासाठी विसरला होता, असा दावा मी करत नाही. तो विसरला आणि आम्ही पोहोचलो, एवढंच मला ठाऊक आहे.

गाव म्हणजे माथ्यावरच्या सपाटीवर पसरलेली थोडी घरं. पत्र्यांवर वारा धरायला ठेवलेले काळे दगड, नाचणीची कापून झालेली खाचरं आणि हिरड्याची झाडं. तरणी माणसं बहुतेक चाकणकडे कामाला. मागे उरलेली म्हातारी मंडळी आणि जनावरं अशा शांतपणे वावरतात, जणू सगळी शहरातून येणाऱ्या कुणाची तरी वाट बघत आहेत, पण घाई नाही. सपाटीच्या कडेला घळ आहे आणि त्या घळीत झरे. जवळ गेलं की काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास येतो. वरच्या कुंडाचं पाणी इतकं कढत की देवीच्या नैवेद्याचा भात फडक्यात बांधून त्यातच शिजवतात. तेच पाणी दगडी पाटातून दुसऱ्या कुंडात येईपर्यंत सोसवेल असं होतं. तिथे आंघोळ. तिसऱ्यात धुणी आणि म्हशी. झऱ्यालगतच्या घरांची जमीन थंडीतही अनवाणी पायाला ऊन लागते. तिथल्या ओसरीवर गावातली सगळी मांजरं पसरलेली होती.

मी वरच्या कुंडाशी बराच वेळ उभा राहिलो. हा अख्खा डोंगर कधीकाळी वितळलेला होता, हे शाळेत शिकलो होतो. आज त्याच्या पोटातून उकळत्या पाण्याचे बुडबुडे येताना पाहत होतो. आमच्या भट्टीला पॅनल लागतं, ऑपरेटर लागतो, माझ्यासारखा एक जण सतत काट्याकडे डोळे लावून बसलेला लागतो. इथे कुणाचीच ड्यूटी नव्हती. तरी पाणी तापत होतं. गावातल्या पिढ्या निजल्या, उठल्या, गेल्या, आणि पाणी तापतच राहिलं. मला उगाच भरून आलं. पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

कुंडाची राखण घरोघर पाळीने असते. त्या वर्षी पाळी साळूबाईंची होती. लुगड्याचा काष्टा घातलेल्या, वाकलेल्या, पण आवाज असा की घळीत घुमावा. मी मंगलच्या साडीचा पदर खोचला, तिला पायरीवर बसवलं आणि तांब्या भरून तिच्या अंगावर पाणी घालायला हात उचलला. तेवढ्यात वरून आवाज आला.

"ओ पाव्हणं! त्ये काय करताय?"

"हिला आंघोळ घालतोय, आजी. हिचा हात..."

"आधी तुमची. आणणाऱ्याची आंघोळ आधी. आन ज्याला आणलंय त्यानं घालायची. हितली रीतच हाय ती."

मला वाटलं, यांना नीट कळलं नाही. मी समजावून सांगितलं, तिचा उजवा हात चालत नाही, तिला तांब्या उचलणार नाही. साळूबाई खाली येऊन दगडावर टेकल्या. "मग थांबू की. घाई कुणाला हाय? पाणी काय निवत न्हाई." मंगलने डाव्या हाताने तांब्या घेतला. "डाव्यानं न्हाई बाय. देवीचं काम हाय." मी रडकुंडीला आलो. म्हणालो, "आजी, रीत मोडल्याचं जे काय पाप असेल ते माझ्या डोक्यावर. मी देवीला नारळांचं तोरण वाहतो."

"नारळ घेऊन काय करू? दात कुठं हाईत मला? खाली बसा तुमी. नवरीगत लाजू नका."

"पण रीत अशी कशासाठी?" मी विचारलं.

त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "आजारी मानूस तर आजारीच असतं. त्याला आणणारा बी दमलेला असतो. तेचा शीण कोन उतरवनार? तो काय दगडाचा हाय व्हय?"

आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी कुणाला विचारू दिलं नव्हतं. मी मंगलच्या पायाशी खालच्या पायरीवर बसलो. आणि मान खाली घालून, मोठ्या माणसाने रडू नये तसा रडलो.

पाठीमागे तांब्या दगडावर घासल्याचा आवाज आला. मी वळलो. मंगलने उजवा हात डाव्या हाताने उचलून तांब्यावर ठेवला होता आणि बोटं एकेक करून त्याच्या गळ्याभोवती वळवत होती. मी अर्धवट उठलो. "अहो, बसा ना!" ती म्हणाली. आवाजात तोच जुना वैताग, ज्याने ती पूर्वी मला स्वयंपाकघरातून हाकलायची. मी बसलो. तांब्या सुटून खणखणत पाण्यात गेला. साळूबाईंनी तो काढून पुन्हा तिच्यासमोर ठेवला. पुन्हा सुटला. माझे हात शिवशिवत होते. मी पायरीची कड घट्ट धरली आणि मनात म्हणालो, आई, हिला माझ्या हातून सोडव. असं का म्हणालो, मला आजही सांगता येत नाही.

मग माझ्या कानावर आणि खांद्यावर ऊन पाणी पडलं. ओंजळभर असेल. बाकीचं तिच्याच मांडीवर सांडलं होतं. मी वळून पाहिलं तर उजवा हात थरथरत होता, पण तांब्या धरून होता. मंगल ओठ दाबून हसत होती.

"डोक्यावर न्हाई पडलं," ती म्हणाली.

"कानावर पडलं की," साळूबाई म्हणाल्या. "बरं झालं. आता ऐकाय यील तेनला."

त्या हसल्या, मंगल हसली आणि ओल्या अंगाने मीही हसलो. मग मंगलने मला नीट न्हाऊ घातलं, तिच्या चालीने. सूर्य घळीच्या कडेला टेकला तरी ते चालूच होतं. त्यानंतर तिला आंघोळ मीच घातली. पण मागेल तिथे आणि मागेल तेवढीच. रात्री साळूबाईंच्या ऊन जमिनीच्या ओसरीवर आम्ही कुंडात शिजलेला भात खाल्ला. त्याला गंधकाचा वास होता. मंगलने तो स्वतःच्या हाताने खाल्ला, निम्मा ताटाबाहेर. साळूबाईंची मांजरं खूश होती.

पाण्याने हात बरा झाला, असं मी कुणाला सांगत नाही. औषधं चालू आहेत, व्यायाम चालू आहेत. व्यायाम शिकवणाऱ्या ताई मला पूर्वीपासून सांगत होत्या, काका, सगळं तुम्ही करू नका. मला तो माझ्या सेवेवरचा आरोप वाटायचा. आता कळतं, माझा अपराधीपणा हीसुद्धा एक मालकीच होती. तिचं दुखणं मी माझं करून टाकलं होतं. इतकं, की बरं होण्यासाठी तिच्याकडे काही उरलंच नव्हतं. देवीने त्या दिवशी हात कुणाचा धरला, मंगलचा की माझा, हे तिलाच ठाऊक. पण फाट्यावर मी तिला हाक मारली होती आणि तिने ती ऐकली, याबद्दल माझ्या मनात आता तिळभर शंका नाही. शरण जाणं म्हणजे हात जोडणं, असं मी समजत होतो. माझ्यासारख्याला आधी हात आवरायला शिकावं लागतं.

हल्ली सकाळी मंगल म्हणते, "बसा, चहा मी टाकते." पातेलं कलतं, दूध ओट्यावर सांडतं, साखरेचा डबा उघडायला तिला वेळ लागतो आणि त्या वेळात मला कामावर जायला उशीर होत असतो. मी खुर्चीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो आणि मनातल्या मनात आईचं नाव घेतो. चहा येतो. बशीत सांडलेला असतो, कधी गोड, कधी अगोड. मी तो सगळा पितो.