आखडलेल्या सांध्यांची माणसं

इतर डॉक्टरांकडे पेशंट पाच मिनिटं बसतो. आमच्याकडे तो अर्धा तास टेबलावर आडवा असतो आणि त्याचा पाय माझ्या हातात असतो. ताण देऊन धरायचा, सोडायचा, परत धरायचा. तेवढ्या वेळात माणूस बोलणार नाही तर काय करणार? सोलापुरात फिजिओथेरपी करायला लागून मला वीसेक वर्षं झाली, आणि फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

आमच्याकडे बहुतेक जण आखडलेले सांधे घेऊन येतात. स्नायू किंवा नस कमजोर झाली की हातपाय एकाच अवस्थेत पडून राहतात आणि आतला स्नायू हळूहळू आखूड होत जातो. मग टाच टेकत नाही, मूठ उघडत नाही. आम्ही त्याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतो. लोक म्हणतात, पाय धरलाय.

* * *

नरसय्याकाका बायकोला, लक्ष्मम्मांना, घेऊन आले तेव्हा तिच्या अर्धांगवायूला चार महिने झाले होते. उजवी मूठ इतकी घट्ट की नखं तळव्यात रुतून जखम झालेली. लक्ष्मम्मांना फक्त तेलुगू येत होतं, आणि मला तेलुगूतला 'नोप्पी' एवढा एकच शब्द. म्हणजे दुखतंय. त्या दिवशी तो मी पुष्कळदा ऐकला.

सोबत आलेल्या मुलाचं म्हणणं होतं की एकदाच जोर लावून मूठ उघडून टाकावी. मी नको म्हणायच्या आधी काकाच बोलले. त्यांचं सगळं आयुष्य मागावर गेलेलं. "ताण एकदम दिला की धागा तुटतो," ते मुलाला मराठीतच म्हणाले. "थोडा द्यायचा, पण सोडायचा नाही."

हीच गोष्ट मी विद्यार्थ्यांना तासभर समजावत असे. आता काकांचं वाक्य सांगते आणि तास संपवते.

काकांनी घरी टॉवेलच्या तुकड्याची बारीक गुंडाळी करून बायकोच्या मुठीत ठेवायला सुरुवात केली. दर आठवड्याला गुंडाळी थोडी जाड. पाचेक महिन्यांत तळवा दिसू लागला, जखम भरली. त्या हातात ताकद काही आली नाही, ते मी आधीच सांगितलं होतं. पण शेवटच्या दिवशी लक्ष्मम्मांच्या उजव्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. मूठ मिटलेली असताना त्या चढतच नव्हत्या. काकांनीच चढवल्या होत्या.

* * *

माने गुरुजींना स्नायूंना सूज येण्याचा आजार झाला होता. औषधांनी सूज उतरली, पण महिनोन्महिने खुर्चीत बसून मांड्या आखडल्या. उभे राहिले की कमरेत वाकलेले. उपाय सोपा होता, रोज अर्धा तास पालथं झोपायचं. गुरुजी दर खेपेला मान डोलवायचे आणि दर खेपेला तसेच वाकून यायचे. पालथं पडून माणसानं करायचं काय, हा त्यांचा प्रश्न.

मी त्यांच्या पत्नीला, म्हणजे बाईंना, बाजूला घेऊन सांगितलं की तुम्हीच काहीतरी करा.

दीड महिन्यानं गुरुजी आले ते जवळजवळ ताठ. मी मोजमाप घेतलं, परत घेतलं. विचारलं, कसं काय जमवलंत? गुरुजी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिले. उत्तर बाईंनी दिलं.

"टीव्ही जमिनीवर ठेवलाय, कॉटच्या उशाशी. बातम्या आता पालथं झोपल्यावरच दिसतात."

* * *

हा किस्सा माझ्या चुकीचा आहे.

बिराप्पामामा मंगळवेढ्याकडचे. मेंढ्यांसाठी झाडावर पाला तोडायला चढले आणि मानेवर पडले. पाय गेले. हातांत मनगट उचलण्यापुरती ताकद राहिली, बोटं निर्जीव. ती हळूहळू आत वळायला लागली होती. मी तेव्हा नवीन होते, अंगात उत्साह भारी. रोज मनगट मागे धरून बोटं ताणली आणि महिन्याभरात अगदी सरळ, मऊ करून दाखवली. डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना बोलावून दाखवलंसुद्धा.

पुढच्या महिन्यात मामा तपासणीला आले.

"बाई, बोटं लई झ्याक सरळ केलीत तुमी," ते म्हणाले. "पर आदी हात वर उचलला की पेला आडकून ऱ्हायचा. आता कायबी ऱ्हात न्हाय."

मी पुस्तक काढून वाचलं. अशा पेशंटची बोटं थोडी आखडलेली राहू द्यायची असतात. मनगट उचललं की ती आपोआप मिटतात, आणि तीच त्याची पकड. जे त्याच्या कामाचं होतं तेच मी घालवलं होतं.

मी मामांची माफी मागितली. त्यांच्याशी कुणी माफीची भाषा केली नसावी, ते माझ्याहून जास्त अवघडले. मग बोटं आत वळवून पट्ट्या बांधल्या आणि पुन्हा आखडायची वाट बघितली. चार महिन्यांनी मामा माझ्यासमोर स्वतःच्या हाताने चहा प्याले. अर्धा सदऱ्यावर सांडला. उरलेला पिऊन म्हणाले, "आता ह्येला हात लावू नगा."

तेव्हापासून कुठलाही सांधा सरळ करण्याआधी मी विचारते, याचा तुम्हाला काही उपयोग होतो का?

* * *

आमच्याकडे स्प्लिंट बनवतात ते बशीरचाचा. स्प्लिंट म्हणजे पाऊल काटकोनात धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा साचा. आधी ते चपला शिवायचे.

माढ्याची सानिका सहा वर्षांची, चालायला लागल्यापासून चवड्यांवर चालणारी. प्लास्टर बदलत बदलत तिची टाच खाली आणली आणि चाचांनी स्प्लिंट दिले. तीन महिन्यांत तिची आई एक स्प्लिंट तुटलेला घेऊन आली. चाचांनी नवा दिला. तोही तुटला. तिसऱ्या वेळी आई ओशाळून गेली होती. पोरगी शाळेत दिवसभर लंगडी खेळते, ऐकतच नाही, असं सांगत होती. मीही जरा रागावलेच.

चाचा मात्र तो तुटका तुकडा हातात फिरवून बघत होते, जणू कुणी बक्षीस आणून दिलंय.

"मॅडम, उसको कुछ मत बोलो," ते म्हणाले. "लोक वर्षानं स्प्लिंट परत आणतात, एकदम नवाकोरा. पाय लहानाचा मोठा झाला, पण घातलाच नाही. तवा माझं काळीज तुटतं. हा तुटला म्हणजे पोरगी चालली की."

* * *

ओंकार वैरागचा, सतरा वर्षांचा. स्नायू झिजत जाण्याचा आजार, लहानपणीच कळलेला. दहाव्या वर्षी चालणं थांबलं. तरी त्याचे वडील रोज सकाळी त्याच्या टाचा ताणतात, आणि वर्षातून दोनतीनदा ते दोघं मला दाखवायला येतात.

मागच्या वेळी तो व्हीलचेअरवर बाहेर थांबला असताना आत एक आई बसली होती. पाच वर्षांचा मुलगा, तोच आजार, आठवड्यापूर्वी कळलेला. टाचा कशा ताणायच्या हे मी तिला दाखवत होते. तिने हात लावला की मुलगा ओरडायचा, आणि तो ओरडला की ती हात काढून घ्यायची. शेवटी ती रडायलाच लागली. मला हे जमणार नाही, म्हणाली.

दार उघडं होतं. ओंकारने वडिलांना खुर्ची आत घ्यायला सांगितली.

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या खुर्चीकडे, पायांकडे बघितलं. मग विचारलं, "ह्यानं बरं होतं का रे, बाळा?"

"नाही काकू," ओंकार म्हणाला. "पण बूट घालता येतात." त्याच्या पायात पांढरे स्पोर्ट्सचे बूट होते.

मग त्याने वडिलांना उजवा बूट आणि मोजा काढायला सांगितला.

"माझ्या पायावर शिका. किती ताणायचं ते मी सांगतो. त्याला अजून सांगता येत नाही."

ती जमिनीवर बसली. पदराने हात पुसून तिने त्याची टाच तळव्यात घेतली.

"अजून, काकू," ओंकार म्हणाला. "घाबरू नका. अजून थोडं."