श्वासाची तालीम

नववा महिना लागला होता आणि एका सकाळी माझं पोट गप्प झालं. रोज चहा पोटात गेला की आतून ढुशी बसायची. त्या दिवशी चहा झाला, पोहे झाले, तरी काही नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, शंका आली तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर पडायचं आणि हालचाली मोजायच्या. दोन तास पडून राहिले. एकदा काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, तेही नक्की नाही.

नवरा कोइमतूरला, त्याच्या गलाईच्या दुकानात. आमच्या विट्याकडची कितीतरी माणसं अशीच लांबच्या शहरांत सोनं गाळत असतात. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणते. त्यांना उगाच घोर नको म्हणून बोलले नव्हते. त्यांनीच दारातून विचारलं, "का गं, या वक्ताला पडलीस?"

"बाळ हलत नाहीये सकाळपासून."

हातातलं धुणं तिथंच टाकून त्या आत आल्या. "ऊठ. गाडी सांगतो."

"दुपारपर्यंत बघूया का?"

"न्हाई. माझं पयलं असंच गप झालतं. चार दिस मी कुणाला बोल्ले न्हाई."

लग्नाला पाच वर्षं झाली होती. या घरात एक पहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

सांगलीच्या वाटेवर तासगाव मागे पडलं. उसाचा ट्रॅक्टर पुढे आला की ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा आणि आत्ती त्याला म्हणायच्या, "सावकाश घे बाबा." हात माझ्या पोटावरून काढला नाही त्यांनी.

डॉक्टरांनी लगेच आत घेतलं. आत्तीही आल्या. पोटावर गार जेल लागलं आणि पडद्यावर काहीतरी लुकलुकायला लागलं.

"हे काळीज. ठोके छान आहेत."

मी रडायलाच लागले. "मग हलत का नाही?"

"झोपलेलं असेल. ते बघायलाच तर बसलेय. आता अर्धा तास मी फक्त बघणार आहे. घाई नाही."

आणि त्या खरंच बसल्या. बाहेर एवढी गर्दी असताना एक शिकलेली बाई खुर्ची पुढे ओढून, हात न हलवता, माझ्या झोपलेल्या लेकराकडे बघत बसली होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. एका कोपऱ्यात पाण्याचं काळं तळं दिसत होतं. पाणी पुरेसं आहे, एवढंच त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बोट ठेवलं. "हे बघा. छाती आणि पोट वरखाली होतंय, दिसतंय?"

दिसत होतं. बारीक, एका लयीत.

"श्वास घेतंय?" मी विचारलं. "पाण्यात?"

"खरा श्वास नाही. त्याची तालीम. बाहेर आल्यावर लागणार ना."

मी बघत राहिले. कोणी शिकवलं नव्हतं. हवा म्हणजे काय हे ज्याला ठाऊकच नाही, तो जीव हवेची तयारी करत होता. आणि तेही माझ्या आत, मला पत्ता लागू न देता. एवढ्यात पाठीचा कणा वळला, पाय ताणला गेला आणि माझ्या बरगडीखाली ढुशी बसली. पडद्यावर दिसली आणि अंगात लागली, दोन्ही एकाच क्षणी. मग पडद्यावर एक मूठ उघडली. पाचही बोटं. परत मिटली.

आत्ती पडद्याच्या अगदी जवळ गेल्या होत्या. "डाक्तरीणबाई, समदीच पोरं असं करत्यात?"

"हो मावशी."

"माझं बी करत आसंल? गप व्हायच्या आदी?"

डॉक्टरांनी वळून आत्तींकडे बघितलं. "करत असणार."

"तवा ही मशीन आसती तर?"

"ते नाही सांगता येणार. कदाचित वाचलंही असतं."

आत्तींनी मान हलवली. रडल्या नाहीत. पदर सावरून पुन्हा पडद्याकडे बघायला लागल्या.

सगळं ठीक होतं. तरी पुन्हा हालचाल कमी वाटली तर लगेच यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. गाडीत बसल्यावर नवऱ्याला फोन लावला. उघडलेली मूठ, पाचही बोटं, सगळं भराभर सांगितलं. आत्तींनी फोन घेतला.

"ब्येस हाय तुजं लेकरू," त्या म्हणाल्या. मग जराशानं, "आन् आईक, तुला एक थोरली बहीण हुती."

बत्तीस वर्षांचा झाला होता तो, त्यालाही हे कोणी सांगितलं नव्हतं. मग त्याने काहीतरी विचारलं असावं. आत्ती खिडकीबाहेर बघत सांगू लागल्या, की तिला लय जावळ होतं, काळंभोर, आणि नाक थेट त्यांच्या आईसारखं.

अडीच आठवड्यांनी मला मुलगी झाली. नवरा आदल्या दिवशीच पोहोचला होता.