मामाजींची जीभ आणि तुरट वाइन

साऱ्या गोंदिया जिल्ह्यात जीभ म्हणावी अशी एकच आहे आणि ती माझ्या मामेसासऱ्यांच्या तोंडात आहे. बाकी आम्ही सगळे दातांना टेकायला काहीतरी असावं म्हणून एकेक बाळगून आहोत. हे मत खुद्द मामाजींचंच, पण आमगावच्या आसपासच्या वीस गावांनी ते बिनविरोध मंजूर केलेलं. पाण्याचा एक घोट घेतला की ते कोणत्या बोडीचं हे मामाजी सांगत. दुसरा घोट घेतला की त्या बोडीत सकाळी कोणाच्या म्हशी बसल्या होत्या, तेही. धानाचा दाणा दाताखाली फोडून त्यांनी एकदा दोन भावांचं भांडण मिटवलं. "हा दाणा तुह्या बांधीतला नाही गा, याच्यात तुह्या भावाच्या बांधीची गोडी हाये," एवढं म्हणायचा अवकाश, धाकट्यानं मुकाट्यानं पोतं परत केलं. आणि लग्नात तर मामाजींनी पळसाच्या द्रोणात डाळ चाखून मान हलवल्याशिवाय पंगतच बसत नसे. मुहूर्त टळला तरी चालेल. एका आचाऱ्याला ते म्हणाले होते, "मीठ बरोबर हाये, पण पातेल्याच्या डाव्या अंगाले जरा जास्त बसलं." त्या बिचाऱ्यानं खरोखरच उजव्या अंगानं वाढायला सुरुवात केली.

अशा माणसासाठी मी नाशिकहून रेड वाइनची बाटली आणली, ती निव्वळ खोडी काढायला. पिण्याच्या बाबतीत मामाजींचं ज्ञान मोहफुलापाशी सुरू होऊन तिथंच संपत होतं. त्यांनी बाटली उन्हात धरली. "जांभळाचा रस दिसते," म्हणाले. मी लेबल वाचून दाखवलं: दमदार वाइन, भाजलेल्या मटणासोबत घ्यावी. झालं! मामाजी खाटेवरून उठलेच.

"आमी कायच्या संग काय खावं, हे बाटली सांगन? काऊन? तिनं आमचे झिंगे खाल्ले का कधी?"

दुपारी अंगणात सुक्या झिंग्यांची चटणी, उडदाचे वडे आणि गावठी कोंबड्याचा रस्सा असा थाट मांडला गेला. "जवाईबापू, एका बाटलीच्या पाहुणचाराले येवढं रांधा लागते का?" मामीजी चुलीपासून ओरडल्या. बूच काढायला हत्यार नव्हतं, म्हणून मामाजींनी ते लाटण्याच्या टोकानं आत ढकललं आणि पहिला फवारा त्यांच्या पांढऱ्या बंडीवर उडाला. "घ्या, पयले बंडीनं चाखली," मामीजी म्हणाल्या.

तोंड तयार करायला म्हणून मामाजींनी आधी रश्श्याचा भुरका मारला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "मीठ अगदी बरोबर."

मामीजी जागीच थबकल्या. रश्श्यात मीठ टाकायचं राहूनच गेलं, हे सांगायला त्या मिठाची वाटी घेऊन नुकत्याच बाहेर आल्या होत्या.

मामाजींनी वाटी पाहिली. मी घाईघाईनं वाइनचा पेला पुढं केला. त्यांनी घोट घेतला, तोंडभर फिरवला, तसे त्यांचे गाल आत ओढले गेले. जीभ टाळूला लावून पाहिली. पुन्हा एक घोट. आणि त्यांनी आयुष्यात कोणाला विचारला नसेल असा प्रश्न मला विचारला.

"जवाईबापू, हे तुरट हाये ना?"

"चांगलीच तुरट आहे, मामाजी."

"धरते! जिभेले धरते हे!" मग आवाज खाली आला. "हिवाळ्यात ताप आला ना, तवापासून काही लागतच नाही मले. मीठ नाही, गोड नाही. तिखट तेवढं झोंबते. मले वाटलं, जीभ मेली."

"अन् मी रोज विचारून राहिली, भाजी कशी झाली, तं तुमी रोज नावं ठेवून राहिले!"

"नावं ठेवली नसती तं तुले शंका आली असती."

मामीजींना हसावं की रडावं कळेना. मामाजी मात्र माझ्याकडं वळले. "आठ दिवसांनी पुतणीचं लग्न हाये. डाळ खारट झाली अन् मी मान हलवली, तं? वीस गावं पंगतीले राहतीन."

एवढं बोलून ते पुन्हा ताटाकडं वळले. वडा खाल्ला, घोट घेतला. झिंगे खाल्ले, घोट घेतला. तेलकट वड्यानंतर वाइनची पकड सैल होते, झिंग्यांनंतर ती पिसाळते, कोंबड्याच्या तर्रीपुढं गुमान बसते, असे शोध ते एखाद्या शाळकरी पोरासारखे ओरडून सांगत होते. चव त्यांना कशाचीच नव्हती. पण पकड घट्ट की सैल, एवढ्यावरून ते समोरचं ताट चाचपून ओळखत होते. शेवटी लेबलाशीही तह झाला. "मटनाचं खरं बोलत असन बाटली. आणून पाहा लागन."

डाळीला मात्र असली पकड नसते. लग्नाच्या दिवशी आचारी द्रोण घेऊन आला, तशी भोवती माणसं गोळा झाली. मामाजींनी द्रोण हातात घेतला, वास घेतल्यासारखं केलं, आणि सगळ्यांदेखत तो मामीजींपुढं धरला. चाळीस वर्षांत मामीजींच्या हातचं त्यांनी अमाप खाल्लं होतं, पण काही चाखून पाहा असं त्यांना कधी म्हटलं नव्हतं. आचाऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. मामीजींनी एक घोट घेतला आणि बराच वेळ लावला.

"मीठ बरोबर हाये," त्या म्हणाल्या. पंगत बसवायला माणसं पांगली.

मामाजी हलले नाहीत. द्रोणाकडं नाही, ते मामीजींच्या तोंडाकडं बघत होते.

"ते झालं वो," ते हळूच म्हणाले. "पण लागते कशी? सांग ना."

मामीजींनी आणखी एक घोट घेतला, आणि सांगू लागल्या.